माझ्या पेशी, हिचं सीरम

आमच्याकडं किडनीचा विषय निघाला की पहिला प्रश्न रक्तगटाचा. माझा ओ पॉझिटिव्ह, बायकोचा बी पॉझिटिव्ह. ओ सगळ्यांना चालतो हे शाळेतलं ज्ञान कुणीच विसरत नाही, त्यामुळं पाहुण्यांनी, शेजाऱ्यांनी आणि कारखान्यातल्या मित्रांनी मिळून माझी किडनी हिला बसवूनसुद्धा टाकली होती. ऑपरेशन तेवढं बाकी होतं. माझी तयारी होतीच. वजन बेताचं, बीपी नाही, साखर नाही. साखर कारखान्यात नोकरी करून साखर नाही, यावर डॉक्टरसुद्धा हसले होते.

हिच्या दोन्ही किडन्या आयजीए नेफ्रोपथी नावाच्या आजारानं हळूहळू निकामी झाल्या. कळलं तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा रक्तातला कचरा, इतकं वर गेलं होतं की औषधांवर फार काळ निघणार नव्हता. डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून जोडलेली शीर, आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीन, आणि पाणी दिवसभराचं मोजून. तांबडा-पांढरा रस्सा तर सोडाच, पोटॅशियम वाढतं म्हणून नारळपाणीसुद्धा बंद. एप्रिल-मे महिन्यात कोल्हापुरात माणूस मोजून पाणी पितो तेव्हा त्याच्यासमोर आपण तांब्या तोंडाला लावायची लाज वाटते. मी बेसिनपाशी जाऊन प्यायचो.

डायलिसिसच्या हॉलबाहेरच्या बाकावर बसून एक गोष्ट ध्यानात आली. आत नवरा असला की बाहेर किडनी द्यायला तयार झालेली बायको किंवा आई बसलेली असायची. आत बायको असली तर बाहेर बहुतेक वेळा तिची आईच. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायकाच जास्त असतात हे वाचलं होतं, ते तिथं रोज दिसायचं. मी देणार आहे म्हटल्यावर सिस्टर मला चहा विचारायला लागल्या. कौतुक बरं वाटलं, नाही कशाला म्हणू? पण ते फार दिवस टिकलं नाही.

तपासण्या सुरू करण्याआधी नेफ्रॉलॉजिस्ट मॅडमनी मला एकट्याला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं आणि सरळ विचारलं, “कुणाच्या दबावाखाली देताय का? नको असेल तर आत्ता सांगा. बाहेर मी एवढंच सांगेन की वैद्यकीय कारणानं जमत नाही. खरं कारण या खोलीबाहेर जाणार नाही.” प्रत्येक दात्याला हे विचारतात. पद्धत चांगली आहे. पण ही सोय असते हे बऱ्याच लोकांना ठाऊक आहे, आणि त्याचा मला पुढं चांगलाच ताप झाला.

मग हिला आत बोलावलं आणि एक फॉर्म समोर आला. त्यात तीन प्रश्नांभोवती मॅडमनी पेनानं गोल केला होता. आधी कधी प्रत्यारोपण झालंय का? आजवर रक्ताच्या किती पिशव्या चढल्यात? आणि गर्भधारणा किती, गर्भपात धरून?

आम्हाला एक मुलगा, एक मुलगी. दोघांच्या मध्ये एक राहिलं नाही, तिसऱ्या महिन्यात. घरात त्याचा उल्लेख कित्येक वर्षांत झाला नव्हता. हिनं विचारलं, “ते पण धरायचं?”

“धरायचं,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या शरीरानं ते धरलेलं असतं.”

ते का धरायचं, हे त्यांनी नीट समजावलं. रक्तगट ही पहिली चाळणी. त्याच्या पलीकडं आपल्या जवळपास सगळ्या पेशींवर एचएलए नावाची प्रथिनं असतात. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात, एक संच आईकडून येतो, एक बापाकडून. प्रत्येकाचं मिश्रण वेगळं, आणि शरीर आपलं-परकं ओळखतं ते बरंचसं यावरून. पोटातल्या बाळाकडं बापाचा संच असतो. बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात, आणि काही आयांचं शरीर त्या परक्या खुणांविरुद्ध अँटीबॉडी तयार करून ठेवतं. बाळाला सहसा त्याचा त्रास होत नाही, आईला पत्ताही लागत नाही. पण ती आठवण रक्तात वर्षानुवर्षं टिकते. पुढं त्याच बापाची किडनी त्या आईला बसवायची ठरवली, तर तिच्या शरीराची त्या खुणांशी ओळख आधीच झालेली असते. रक्त चढवल्यानंही हेच होऊ शकतं. हिला दुसऱ्या बाळंतपणात रक्त चढलं होतं आणि डायलिसिस सुरू झालं तेव्हाही.

म्हणून क्रॉसमॅच. लोक विचारतात “किती टक्के मॅच झालं?”, पण ते एचएलए टायपिंगचं काम. क्रॉसमॅचला टक्केवारीशी देणंघेणं नाही. घेणाऱ्याच्या रक्तात या दात्याविरुद्ध अँटीबॉडी आधीपासून आहेत का, एवढाच त्याचा प्रश्न. असल्या तर अहवाल पॉझिटिव्ह. तसं असताना किडनी जोडली तर रक्तपुरवठा सुरू केल्यावर काही मिनिटांत किंवा तासांत ती निळी-काळी पडते, आतल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि ऑपरेशन केलेल्याच सर्जनला ती काढून टाकावी लागते. १९६९ साली पटेल आणि टेरासाकी यांनी अमेरिकेत एक अभ्यास छापला होता. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना किडनी बसवलेल्या ३० जणांपैकी २४ जणांची किडनी लगेच बंद पडली होती. निगेटिव्ह असलेल्या १९५ जणांमध्ये हीच वेळ फक्त ८ जणांवर आली. मॅडमनी हे आकडे सांगितले तेव्हा मी ते डायरीत लिहून घेतले. सवय.

ही सवय नोकरीची. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. रसाचा ब्रिक्स, पोल, शुद्धता काढण्यात आयुष्य चाललंय. नमुना नीट घेतला नसेल तर पुढचं मशीन कितीही महागडं असू दे, आकडा खोटाच येणार, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शास्त्र. त्यामुळं हिच्या आणि माझ्या रक्ताच्या नळ्या कुरिअरनं पुण्याला जाणार म्हटल्यावर मी विचारलं होतं की कशा जाणार. “आमचं रोजचं काम आहे साहेब,” असं उत्तर मिळालं.

गळीत हंगाम संपून महिना झाला होता, ऊन मी म्हणत होतं. नळ्या गोळा करणाऱ्यानं प्रामाणिकपणे, नमुना खराब होऊ नये म्हणून, डब्यात बर्फाचे पॅक भरले. बाकीच्या बहुतेक तपासण्यांना ते बरोबर असतं. या तपासणीला नाही. इथं दात्याच्या लिम्फोसाइट, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी, जिवंत पोचाव्या लागतात, आणि त्यासाठी रक्त फ्रीजमध्ये किंवा बर्फात ठेवायचं नसतं. खोलीच्या तापमानाला, साधारण वीस-बावीस अंशांत ते राहिलं पाहिजे आणि शक्यतो एका दिवसाच्या आत पोचलं पाहिजे. आमचा डबा रात्रभर गाडीच्या डिकीत होता. आधी बर्फात गारठला, बर्फ वितळल्यावर उकडला. पुण्याच्या लॅबनं दुसऱ्या दिवशी कळवलं: पेशींची व्हायबिलिटी, म्हणजे जिवंत पेशींचं प्रमाण, अपुरी, नमुना नाकारला. त्या लॅबबद्दल माझं मत तिथंच चांगलं झालं. निम्म्या मेलेल्या पेशींवर तपासणी रेटून त्यांनी अहवाल काढला असता, तर पेशी अँटीबॉडीनं मेल्या की डिकीनं, हे कुणाला कळलं असतं?

मग मीच पुण्याला गेलो. माझं रक्त तिथंच द्यायचं, हिच्या नळ्या बरोबर न्यायच्या. हिचं रक्त घेण्याचीही वेळ ठरलेली असते: डायलिसिसच्या आधी. मशीनवर रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, ते नमुन्यात आलं तर सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळसर पाणी, नीट सुटत नाही. अँटीबॉडी असतात त्या त्यातच. लाल टोपणाची साधी नळी सीरमसाठी, हिरव्या टोपणाची हेपॅरिनवाली पेशींसाठी. एकीत हेपॅरिन नको म्हणून धडपड आणि दुसरीत मुद्दाम घातलेलं. कावळा नाक्यावरून रात्रीची गाडी धरली. डबा मांडीवर घेऊन बसलो, एसीचा झोत आपल्यावर येणार नाही अशी सीट मागून घेतली. शेजारच्यानं विचारलं, “प्रसाद हाय काय?” मी हो म्हटलं. कोण एवढं सांगत बसणार?

लॅबमध्ये मी केमिस्ट आहे हे कळल्यावर तिथल्या तंत्रज्ञ बाई मोकळेपणानं बोलायला लागल्या. सगळं बघायला मिळालं नाही, पण बरंच मिळालं. माझं रक्त फायकॉल नावाच्या द्रावणावर अलगद ओतून सेंट्रिफ्यूजला लावलं. लाल पेशी तळाला गेल्या, वर पिवळसर प्लाझ्मा राहिला आणि मध्ये ढगासारखी एक पांढुरकी कडी दिसली. हव्या असलेल्या पेशी त्या कडीत. त्या ड्रॉपरनं उचलल्या, धुतल्या, मोजल्या, आणि जिवंत किती आहेत ते आधी तपासलं. मग तळहाताएवढा प्लास्टिकचा ट्रे आला, बारीक खळ्यांचा. त्याचं नावच टेरासाकी ट्रे. १९६९च्या अभ्यासातले टेरासाकी ते हेच. जपानी वंशाच्या या माणसाला लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेनं कुटुंबासकट छावणीत कोंडलं होतं. पुढं १९६४ मध्ये त्यानं ही सूक्ष्म तपासणी तयार केली आणि जगभरच्या लॅबमध्ये त्याच्या नावाचे ट्रे आले.

एका खळ्यात हिच्या सीरमचा एक मायक्रोलिटर, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा थेंब. त्यात माझ्या पेशींचा एक मायक्रोलिटर, साधारण दोन हजार पेशी. अर्धा तास तसंच ठेवायचं. हिच्या सीरममध्ये माझ्याविरुद्ध अँटीबॉडी असतील तर त्या एवढ्या वेळात पेशींना चिकटतात. चिकटून काही होत नाही, मारायला कॉम्प्लिमेंट लागतं, म्हणजे अँटीबॉडी चिकटलेल्या पेशीला भोकं पाडणारी रक्तातली प्रथिनं. ते सशाच्या सीरममधून घेतलेलं असतं. ते घालून आणखी तासभर. शेवटी रंग. जिवंत पेशीचं आवरण शाबूत असतं, रंग आत शिरत नाही. मेलेली पेशी रंग पिते.

बाईंनी मला भिंगाखाली दोन खळी दाखवली, दोन्ही कंट्रोलची, म्हणजे निकाल आधीच माहीत असलेली, तुलनेसाठी. पहिल्यात कधीही रक्त न चढलेल्या पुरुषाचं सीरम होतं: पेशी लहान, गोल, चकचकीत. दुसऱ्यात अँटीबॉडी असल्याचं माहीत असलेलं सीरम: पेशी फुगलेल्या, काळपट, विझलेल्या. त्या माझ्याच पेशी होत्या, दोन्हीकडं. दहा टक्क्यांपर्यंत मेलेल्या असतील तर गुण १, म्हणजे निगेटिव्ह. तिथून २, ४, ६ असं चढत ८ पर्यंत. ८ म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या वर मेलेल्या. हिच्या सीरमचं खळं दाखवा म्हटल्यावर बाईंनी ट्रे उचलून बाजूला ठेवला. “ते नाही दाखवत. अहवाल तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.” नियम योग्यच आहे. पण त्यांनी आधी तिकडं एकदा डोकावून बघितलं होतं, आणि त्यानंतर त्या माझ्याशी जरा जास्तच मायेनं बोलायला लागल्या. लॅबमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला एवढं पुरतं.

अहवाल: टी सेल पॉझिटिव्ह, गुण ८. बी सेल पॉझिटिव्ह. टी आणि बी हे लिम्फोसाइटचेच दोन प्रकार. सीरमला डीटीटी लावून पुन्हा केलेली तपासणीही पॉझिटिव्ह. डीटीटीनं आयजीएम जातीच्या अँटीबॉडी मोडतात, त्या बऱ्याचदा निरुपद्रवी असतात. त्या मोडूनही पेशी मरत होत्या, म्हणजे मारणाऱ्या आयजीजी जातीच्या, खऱ्या धोक्याच्या. हिच्या स्वतःच्या पेशींशी लावलेला ऑटो क्रॉसमॅच निगेटिव्ह होता, त्यामुळं हिचं सीरम सगळ्यांनाच मारतंय असंही म्हणता येईना. माझ्याच पेशींवर राग.

हिला सांगितलं तेव्हा ती मशीनवर होती. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “तुमचं माझ्याशी जमत नाही, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. एवढ्या लांब पुण्याला कशाला गेला?” शेजारच्या बेडवरचे आजोबा मोठ्यानं हसले.

गावाकडं कुणी हसलं नाही. कागलजवळच्या एका बारशाला हिच्या चुलत्यांनी चारचौघांत विषय काढला. “डॉक्टरला सांगून असलं लिहून घेता येतंय म्हणं. आपली इच्छा नसली की.” त्यांचं सगळंच चूक म्हणता येत नव्हतं, मॅडमनी मला ती सोय देऊ केलीच होती. पण मी ती घेतलेली नाही हे सिद्ध कसं करायचं? अहवालावर दात्याचं नाव माझं, पॉझिटिव्ह मी. जो वाचेल त्याला वाटणार की खोट माझ्यात आहे. मी फाइल काढायला लागलो तेवढ्यात हीच बोलली. “काका, त्यांच्या पेशी चांगल्या हाईत. मारणारं रक्त माझं हाय. आणि माझ्या रक्तात ते आलं पोरांमुळं. आता कुणाला बोल लावायचा, बोला?” काकांनी ताटातला पेढा उचलला आणि पावसाचं बोलायला लागले. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण बायकोनं माझी बाजू इतक्या जाहीरपणे घेतलेली मला आठवत नाही.

अँटीबॉडी नेमक्या कशाविरुद्ध आहेत हे पुढच्या तपासणीत कळलं. तिला सिंगल अँटिजेन बीड म्हणतात, लॅबवाले नुसतं ल्युमिनेक्स म्हणतात. रंगीत सूक्ष्म मणी, प्रत्येक प्रकारच्या मण्यावर एकच एचएलए प्रथिन. सगळे मणी रुग्णाच्या सीरममध्ये सोडायचे आणि कोणत्या मण्याला अँटीबॉडी चिकटल्या ते लेझरनं वाचायचं. चकाकी जितकी जास्त तितका एमएफआय हा आकडा मोठा. हिच्या अहवालात एक आकडा बाकीच्यांच्या डोक्यावरून गेला होता: ए२४. माझ्या टायपिंगमध्ये ए२४ होतं. भारतात हे बऱ्याच लोकांत सापडतं, मॅडम म्हणाल्या, त्यामुळं मृत दात्याच्या यादीतसुद्धा हिला बऱ्याच किडन्या चालणार नाहीत. पुण्याच्या झेडटीसीसीकडं, म्हणजे मृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या विभागीय केंद्राकडं, आमचा विभाग तोच, तिचं नाव घातलेलं होतं. पण अँटीबॉडी असलेल्या रुग्णाला थांबावं लागतं ते जास्तच.

कुठल्या मुलाकडं माझं ए२४ गेलं असेल, हा विचार माझ्या डोक्यात काही दिवस होता. तपासून बघायला नळीभर रक्त पुरलं असतं. उपचाराला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, आणि ज्याच्यात निघालं असतं ते पोर आयुष्यभर ते डोक्यात घेऊन फिरलं असतं. आम्ही तपासलं नाही. तिसऱ्याकडंही गेलं असेल, जे जन्मलंच नाही.

यातून वाट काढायचे मार्ग असतात. प्लाझ्मा बदलून अँटीबॉडी काढायच्या, आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी) शिरेतून द्यायचं, अँटीबॉडी बनवणाऱ्या बी सेल कमी करणारं रिटुक्सिमॅब द्यायचं, आणि आकडा खाली आला की पुन्हा क्रॉसमॅच. खर्च लाखांत, संसर्गाची भीती मोठी, आणि एवढं करून अँटीबॉडी परत उसळू शकतात. मी हट्ट धरून बसलो होतो की हेच करू. मॅडमनी शांतपणे विचारलं, “दुसरा कुणी दाता अजून बघितलाच नाही, तर हा जुगार आधी कशाला?” दुसरा मार्ग अदलाबदलीचा: आमच्यासारख्याच अडलेल्या जोडीशी. माझी किडनी त्यांच्या रुग्णाला, त्यांची हिला. २०११च्या दुरुस्तीनंतर जवळच्या नातेवाइकांच्या जोड्यांना कायद्यानं ते करता येतं. तिथंही नाव दिलं.

हिच्या भावाला मधुमेह, त्यामुळं तो पहिल्याच पानावर बाद. बहिणीचा विषय तिच्या सासरी निघाला आणि तिथंच मिटला, त्यावर जास्त लिहीत नाही. राहिल्या सासूबाई. मी त्यांना मामी म्हणतो. वय अठ्ठावन्न, गडहिंग्लजकडच्या गावात राहतात, अजून रोज दोन म्हशींची धार काढतात. त्यांनी पहिल्या दिवसापासून म्हटलं होतं, “माझी घ्या की. मला दोन-दोन ठिवून काय करायच्यात?” वयाकडं बघून आम्हीच त्यांना मागं ठेवलं होतं. तपासल्यावर बीपी नॉर्मल, दोन्ही किडन्या ठणठणीत, रक्तगट बी. मॅडम म्हणाल्या, तुमच्यापेक्षा यांचे रिपोर्ट चांगले आहेत.

त्यांचं आधी फक्त टायपिंग केलं. टायपिंग डीएनएवर होतं, पेशी जिवंत असण्याची गरज नाही, त्यामुळं ती नळी बिनधास्त कुरिअरनं गेली. आई आणि मुलीत एक संच सारखा असतोच, तो दिसला. उरलेल्या संचात काय आहे यावर सगळं अवलंबून होतं. त्यात ए२४ नव्हतं, आणि हिच्या सीरमनं ज्या ज्या मण्यांना धरलं होतं त्यातलं दुसरंही काही नव्हतं. याला व्हर्च्युअल क्रॉसमॅच म्हणतात: पेशी आणि सीरम समोरासमोर न आणता दोन अहवाल शेजारी ठेवून काढलेला अंदाज. आमच्या बाबतीतही हा क्रम आधी ठेवता आला असता तर एक धक्का वाचला असता, असं मला वाटतं. अर्थात मण्यांची तपासणी महाग आहे आणि सरसकट सगळ्यांना लागत नाही.

पाहुण्यांचा सूर पुन्हा तोच. “आई असून निम्मंच मॅच?” आई-वडील आणि मूल यांच्यात निम्मंच खात्रीचं असतं, बाकी नशीब. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक आणि अजिबात न जुळण्याचीही चारात एक. हे मी इतक्यांदा समजावलंय की आता आमच्या लेकीलाही पाठ झालंय.

पुण्याला जायच्या आधी मामींनी मॅडमना एक प्रश्न विचारला, जो मला इतके दिवस सुचला नव्हता. “मला बी चार बाळंतपणं झाल्यात. मग माझ्या रक्तात बी असलं काय असंल की. ते लेकीला बाधणार न्हाई?” मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, किडनी काढल्यावर थंड द्रावण सोडून आतलं तुमचं रक्त धुऊन काढतात, तुमच्या अँटीबॉडी तिच्याबरोबर जात नाहीत. बघायचं असतं ते घेणाऱ्याच्या रक्तात काय आहे ते. मामींनी मान हलवली, “म्हंजे भांडी घासून द्येत्यात.” गाडीत मी एसी लावला तर मागून आवाज आला, “जावई, ते बंद करा, माझ्या पेशी गारठतील.”

निकाल: टी सेल निगेटिव्ह, बी सेल निगेटिव्ह. हिचं ताजं सीरम आणि आधीचं साठवून ठेवलेलं, दोन्ही लावून बघितलं, कारण अँटीबॉडी मध्येच कमी झालेल्या असू शकतात. फ्लो सायटोमेट्रीचा, म्हणजे पेशींना चिकटलेल्या अँटीबॉडी लेझरनं मोजणारा, क्रॉसमॅच जास्त संवेदनशील. त्यात टी सेल निगेटिव्ह, बी सेल मात्र काठावर. त्या काठावरच्या आकड्यानं झोप उडाली. मॅडमनी लॅबशी बोलून मण्यांचा अहवाल पुन्हा तपासला. मामींच्या कुठल्याच प्रथिनाविरुद्ध काही नव्हतं. बी सेलच्या पृष्ठभागावर इतरही काही-बाही चिकटतं, त्यामुळं असं दिसू शकतं, असा निर्णय झाला. आकडा समोर असूनही त्याचा अर्थ माणसालाच लावावा लागतो, हे मला कारखान्यातही रोज दिसतं.

यानंतर आम्हाला एकच ताकीद होती: ऑपरेशनपर्यंत शक्यतो रक्त चढू द्यायचं नाही. चढलंच तर नव्या अँटीबॉडी तयार होऊ शकतात आणि सगळं पहिल्यापासून तपासावं लागतं. हिमोग्लोबिनसाठी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं आणि लोह चालू होतं. पावसाळ्यात एका रात्री हिला ताप आणि धाप, जवळच्या एका दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन सहाच्या आसपास. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी पिशवीची चिठ्ठी लिहिलीसुद्धा. मी मॅडमना फोन लावून त्यांच्या हातात दिला. जीव धोक्यात असता तर रक्त द्यावंच लागलं असतं, त्यात दुमत नाही. मॅडमनी विचारलं, छातीत दुखतंय का, ऑक्सिजन किती. धाप अंगात साठलेल्या पाण्याची निघाली, रात्रीच डायलिसिस झालं आणि ती ओसरली. ती चिठ्ठी मी अजून ठेवली आहे.

कागदपत्रांचा भाग सगळ्यांचा सारखाच: रेशन कार्डावर मामींचं नाव एक, आधारवर दुसरं, प्रतिज्ञापत्र, समितीपुढं मुलाखत आणि तिचं चित्रीकरण. १९९४च्या कायद्यात आई जवळच्या नात्यात मोडते, आणि नातं खरं आहे हे टायपिंगच्या अहवालातही दिसत होतं. समितीतल्या साहेबांनी मामींना विचारलं, पैसे-बिसे कबूल केलेत का कुणी? मामी म्हणाल्या, “जावयानं म्हशींची धार काढायचं कबूल केलंय.” ते मी खरंच कबूल केलं होतं.

ऑपरेशनच्या दोन-तीन दिवस आधी शेवटचा क्रॉसमॅच असतो. आधीचा कितीही चांगला असला तरी तो जुना, मधल्या काळात रक्तात काय बदललं ते हाच सांगतो. पुन्हा डायलिसिसच्या आधी हिचं रक्त, पुन्हा हिरव्या-लाल नळ्या, पुन्हा बिनबर्फाचा डबा. संध्याकाळी मॅडमचा फोन आला तेव्हा मी आणि मामी दवाखान्याखालच्या टपरीवर होतो. फोन ठेवल्यावर मामींनी विचारलं, “मेल्या काय जगल्या?”

“जगल्या.”

“मग सांगा त्यास्नी, उद्या कापा म्हणावं. म्हशी शेजारणीकडं हाईत.”

उद्या नाही, पण त्याच आठवड्यात झालं. अँटीबॉडीचा इतिहास असल्यामुळं हिला सुरुवातीलाच एटीजी हे प्रतिकारशक्ती दाबणारं जोरदार औषध दिलं. किडनी टेबलावरच लघवी करायला लागली आणि क्रिएटिनिन उतरत गेलं. ए२४विरुद्धच्या अँटीबॉडी हिच्या रक्तात अजून आहेत, मामींच्या किडनीला त्यांचा उपद्रव नाही. मॅडमनी फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून ठेवलंय की रक्त देण्याआधी विचारावं, द्यावंच लागलं तर पांढऱ्या पेशी गाळलेलं द्यावं, आणि नव्या अँटीबॉडी होत नाहीत ना, याची तपासणी ठरलेल्या वेळी करत राहावी. पुढची दिवाळीनंतर आहे. सीरमची नळी आहे, पेशींची नाही, त्यामुळं या वेळी कुरिअरनं पाठवणार.